केस परत आली, कारण तिच्यात कुणाला काही ठरवायचंच नव्हतं

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यातल्या एका मॅनेजमेंट कॉलेजात शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेनं मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या, घरच्या ओळखीच्या ट्रान्सफॉर्मर कारखान्यावर २२ पानांची केस (वर्गात चर्चेला घ्यायचा खऱ्या कंपनीतला प्रसंग) लिहून परिषदेला पाठवली. तिच्यात संस्थापकांचा प्रवास आहे, उत्पादनांची माहिती आहे, पाच वर्षांच्या उलाढालीचा तक्ता आहे, कौटुंबिक उद्योगांवरच्या संशोधनाचा आढावा आहे आणि शेवटी स्वॉट, म्हणजे कंपनीची बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके यांची यादी आहे. ‘ही टीचिंग केस नाही, कंपनीची माहिती आहे’ एवढ्या शेऱ्यावर ती परत आली. दुसऱ्या परिषदेची मुदत सहा आठवड्यांवर आहे. त्या विचारतात: फॉरमॅट कुठला वापरू? टीचिंग नोट, म्हणजे केस कशी शिकवायची हे शिक्षकाला सांगणारी टिपणी, खरंच लागते का? आणि मालक ‘तमे तो घरना छो, लखो ने’ (तुम्ही तर घरचेच, लिहा ना) म्हणालेत, तेवढं पुरतं का?

मी बडोद्यातच गेली २३ वर्षं कॉस्टिंग आणि ऑपरेशन्स शिकवते. या काळात केसेस लिहिल्या आणि परिषदांसाठी इतरांच्या तपासल्या. तुमची केस मी वाचलेली नाही. पण तुम्ही दिलेल्या वर्णनावरून तो शेरा योग्य वाटतो, आणि तरीही तुमची मेहनत वाया गेलेली नाही असंही वाटतं.

फॉरमॅटचा प्रश्न आत्ता बाजूला ठेवा. त्या २२ पानांत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्यात. कंपनीचा प्रवास हा परिचयलेखाचा भाग. संशोधनाचा आढावा आणि स्वॉट हा संशोधनातल्या केस स्टडीचा भाग. तिथे लेखक स्वतः निष्कर्ष काढतो आणि तो पटवून देतो. टीचिंग केसमध्ये लेखकानं गप्प बसायचं असतं. निष्कर्ष वर्गानं काढायचा, तोही आपसांत वाद घालून. तुम्ही स्वॉट लिहून दिलंत, म्हणजे विद्यार्थ्यांचं काम तुम्हीच करून टाकलंत.

ही पद्धत कुठून आली हे माहीत असलं की हे लवकर पटतं. हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये १८७० पासून तिथले प्राध्यापक लँगडेल यांनी खऱ्या खटल्यांवरून कायदा शिकवायला सुरुवात केली. पुढे १९१९ मध्ये तिथल्या बिझनेस स्कूलचे डीन झालेले वॉलेस डोनम मूळचे कायद्याचेच पदवीधर. त्यांना हीच पद्धत व्यवसायशिक्षणात आणायची होती. अडचण एकच होती. कायद्यात न्यायालयांचे निकाल छापून तयार असतात. व्यापारात असं काही तयार नसतं. कुणीतरी कारखान्यात जाऊन, माणसांशी बोलून, तिथली अडचण कागदावर आणायला हवी. ‘जनरल शू कंपनी’ ही त्या बिझनेस स्कूलची पहिली केस १९२१ सालची. आपल्याकडे १९६१ मध्ये अहमदाबादचं आयआयएम हार्वर्डच्या सहकार्यानं उभं राहिलं आणि त्याच्याबरोबर ही पद्धतही रुजली. म्हणजे केसच्या मुळाशी पहिल्यापासून एक खटला आहे: दोन बाजू, समोर पुरावा, आणि निकाल अजून लागायचाय.

तेव्हा तुमचा खरा प्रश्न हा आहे की त्या कारखान्यात खटला कोणता आहे.

माझी एक केस याच टप्प्यावर कितीतरी महिने अडकली होती. तोही ट्रान्सफॉर्मरचाच कारखाना, पण दुसरा. बारा पानं लिहून झाली होती आणि वाचताना मलाच कंटाळा येत होता. म्हणून पुन्हा एकदा गेले. वाइंडिंगच्या शेडमध्ये गुंडाळी चालू होती, कागद गुंडाळलेली तांब्याची पट्टी फॉर्म्यावर चढत होती, आणि वेढे मोजणारा कामगार माझ्याशी बोलता बोलता चुकेल म्हणून मी तिथून निघून ऑफिसात जाऊन बसले. मालकांच्या टेबलावर टेंडरची फाइल उघडी होती. दराच्या रकान्याशेजारी पेन्सिलीनं एक आकडा लिहून खोडला होता आणि त्याच्या खाली वेगळ्या अक्षरात दुसरा, थोडा मोठा. खोडलेला आकडा वडिलांचा, खालचा मुलाचा. टेंडर भरायची मुदत गुरुवारी दुपारी तीनची.

त्या बारा पानांत हे कुठेच नव्हतं. मी संस्थापकांच्या पहिल्या लेथ मशीनबद्दल दीड पान लिहिलं होतं आणि या दोन आकड्यांबद्दल एक अक्षर नाही, कारण मी ते कधी विचारलंच नव्हतं.

मग विचारलं. टेंडर ‘फर्म प्राइस’चं होतं, म्हणजे माल द्यायला आठ महिने लागले आणि तेवढ्यात तांबं महागलं तरी दर बदलणार नाही. वडिलांचं म्हणणं, शेड रिकामी ठेवण्यापेक्षा कमी दरानं एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचे, येऊ, हातातली माणसं टिकतील, ओळख टिकेल. मुलाचं म्हणणं, तांब्याची जोखीम दरात धरली नाही तर ऑर्डर मिळूनही नुकसान. त्याच्याकडे दुसरा पर्याय होता: एका खासगी कंपनीची छोटी ऑर्डर, पण इमाच्या सूत्रानुसार दरबदल मिळणारी. इमा म्हणजे विद्युत उपकरणं बनवणाऱ्यांची देशातली संघटना. कच्च्या मालाचे भाव बदलले की कराराचा दर कसा बदलायचा, याची तिची सूत्रं या धंद्यात सर्रास वापरली जातात. दोन्ही ऑर्डर एकदम घ्याव्यात तर बँकेची खेळत्या भांडवलाची मर्यादा आड येत होती.

बघा, आता माणूस आहे, तारीख आहे, आणि दोन रस्ते आहेत ज्यांतला कुठलाही एक शहाणा माणूस निवडू शकतो. मी स्वतःला एकच कसोटी लावते: हेच कागद हातात घेऊन दोन अनुभवी माणसं वेगवेगळं ठरवतील का? उत्तर ‘नाही’ असेल तर तो नुसता प्रसंग झाला, केस नाही. ‘कंपनीनं डिजिटल व्हावं का?’ ही केस नाही, कारण वर्गातले साठही जण ‘हो’ म्हणतील आणि दहा मिनिटांत सगळे घड्याळाकडे बघायला लागतील.

तुमच्या कारखान्यात दराचाच वाद असेल असं नाही. भाऊ वेगळा होतोय का, माल परत आलाय का, मोठ्या गिऱ्हाइकानं उधारीचे दिवस वाढवलेत का, हे तिथे जाऊनच कळेल. मालकांना ‘तुमची आव्हानं कोणती?’ असं विचारू नका. त्यावर सगळे भाषण देतात. ‘गेल्या वर्षभरात कुठल्या गोष्टीवरून घरात किंवा ऑफिसात सगळ्यात जास्त दिवस बोलणं चाललं?’ हे विचारा, आणि जो गप्प बसलाय त्यालाही विचारा. आमच्या केसमध्ये खरा आकडा अकाउंट्स बघणाऱ्या माणसाकडून मिळाला.

निर्णय सापडला की लिखाण त्यामानानं सोपं. पहिल्याच परिच्छेदात माणूस, दिवस आणि त्याच्यासमोरचा पेच. मग वाद समजायला लागेल तेवढाच कंपनीचा इतिहास. मग धंदा कसा चालतो ते, मग दोन्ही पर्याय, आणि शेवटी पुन्हा तोच दिवस, तोच पेच. सगळं भूतकाळात लिहा. ‘कंपनी आज आघाडीवर आहे’ हे वाक्य पुढच्या वर्षी खोटं ठरू शकतं. ‘दूरदृष्टीचे संस्थापक’, ‘उत्कृष्ट दर्जा’ असली विशेषणं काढून टाका, कारण ती तुमची मतं आहेत. दर्जा चांगला होता तर शंभर नगांमागे किती परत आले तो आकडा द्या. २२ पानांची साधारण आठ-नऊ पानं आणि मागे तक्ते एवढंच उरेल. काढलेला मजकूर फेकू नका, त्यातला बराचसा टीचिंग नोटमध्ये लागतो.

एक गोष्ट आपल्या गावाची म्हणून सांगते. आपण घरी मराठी बोलतो, कारखान्यात मुलाखत गुजरातीत होते आणि केस इंग्रजीत जाते. या तीन भाषांच्या प्रवासात माणसाचं म्हणणं बदलतं. माझ्या मुलाखतीत वडील दोनदा ‘जोई लइशुं’, म्हणजे ‘बघून घेऊ’, म्हणाले. मी पहिल्या खर्ड्यात त्याचं इंग्रजी ‘आम्ही या विषयाचा विचार करू’ अशा अर्थाचं केलं. मुलानं वाचून लगेच सांगितलं, ‘पप्पा जोई लइशुं म्हणतात तेव्हा विषय संपलेला असतो.’ अख्खा संवाद उलटा झाला होता. तेव्हापासून मी अवतरणं मूळ भाषेतच टिपून घेते, बाजूला इंग्रजी लिहिते आणि ज्याचं वाक्य त्यालाच दाखवून विचारते, ‘तुम्हाला हेच म्हणायचं होतं ना?’ शक्य तिथे एखादा मूळ शब्द केसमध्ये तसाच ठेवते आणि त्याचा अर्थ पुढच्या वाक्यात येऊ देते.

आता टीचिंग नोट. लागते का, तर हो. आणि माझ्या मते ती केसच्या आधी लिहायला घ्यावी. बहुतेक जण केस पूर्ण करून मुदतीच्या आदल्या रात्री नोट जोडतात, आणि तपासणाऱ्याला ते दुसऱ्याच पानावर दिसतं. नोट म्हणजे केसचा सारांश आणि चार प्रश्न नव्हेत. तुम्हाला कधीही न भेटलेला, दुसऱ्या गावातला शिक्षक ही केस घेऊन सव्वा तास वर्ग चालवू शकेल, असं ते कागदपत्र हवं. कुठल्या अभ्यासक्रमात, कितव्या आठवड्यात. तास संपल्यावर विद्यार्थ्याला नेमकं काय करता यायला हवं. कुठला सिद्धांत इथे कामाला येतो (तुमचा संशोधनाचा आढावा इथे, तोही मोजका). घरून तयारीसाठी कुठले प्रश्न. वर्गात कुठल्या क्रमानं चर्चा. प्रत्येक प्रश्नाचं पूर्ण उत्तर. फळ्यावर काय कुठे लिहायचं. आणि प्रत्यक्षात पुढे काय झालं. हे शेवटचं केसमध्ये कधीच येऊ देऊ नका.

उद्दिष्टं लिहिताना ‘समजून घेणे’, ‘जाणून घेणे’ हे शब्द टाळा. विद्यार्थ्यानं काय करून दाखवायचं ते लिहा. माझ्या नोटमध्ये होतं: ‘फर्म प्राइसच्या टेंडरमध्ये तांब्याचा भाव किती टक्के वाढला तर नफा शून्य होतो ते काढणे.’ मग ते काढता येईल एवढे आकडे केसच्या तक्त्यात आहेत का, हे आपोआप तपासलं जातं. समजा एका नगाचा दर १,००,००० रुपये, खर्च ९४,००० आणि त्यातलं तांबं ३०,००० चं. तांबं १२ टक्के महागलं की ३,६०० गेले, नफा ६,००० वरून २,४०० वर आला. २० टक्के महागलं की नफा संपला. एवढं साधं गणित. पण ते फळ्यावर आलं की आत्तापर्यंत ‘ऑर्डर घ्या’ म्हणणारा अर्धा वर्ग गप्प होतो, आणि मग कुणीतरी विचारतं, ‘पण शेड रिकामी राहिली तर पगार कुठून देणार?’ तिथे खरा तास सुरू होतो. नोटमध्ये ही दोन्ही वळणं लिहिलेली हवीत, आणि वर्ग तिथे स्वतःहून पोचला नाही तर शिक्षकानं कुठला प्रश्न टाकायचा तेही.

पाठवण्याआधी एकदा तरी स्वतःच्या वर्गात ती चालवा. मी पहिल्यांदा चालवली तेव्हा विसाव्या मिनिटाला एका विद्यार्थिनीनं विचारलं, ‘मॅडम, बँकेची मर्यादा किती आहे?’ मी तो आकडा नोटमध्ये धरला होता आणि केसमध्ये द्यायचाच विसरले होते. त्याच्याशिवाय दोन्ही ऑर्डर घेता येतात की नाही हे कळायला मार्गच नव्हता. कितीही वेळा वाचून मला ते दिसलं नसतं. काही परिषदा ‘वर्गात वापरली आहे का?’ असं विचारतातही. उत्तर ‘हो’ असेल तर केव्हा, कुठल्या वर्गात आणि नंतर काय बदललं ते दोन ओळींत लिहा.

परवानगीचं उत्तर मात्र अजिबात परिस्थितीवर सोडू नका. ‘लखो ने’ पुरत नाही. मुलाखती घेऊन, आतले आकडे घेऊन लिहिलेल्या केसला कंपनीच्या लेटरहेडवर, अधिकार असलेल्या माणसाच्या सहीचं पत्र लागतं: अंतिम मसुदा वाचला, तो शिकवण्यासाठी वापरायला आणि प्रकाशित करायला हरकत नाही. काही परिषदा ते सादर करतानाच मागतात, काही निवड झाल्यावर. पण तुम्ही आधीच घ्या. फक्त छापील, सर्वांना उपलब्ध माहितीवर लिहिलेल्या केसला हे पत्र लागत नाही, पण तशी केस चालते का हे त्या-त्या परिषदेच्या नियमांत बघावं लागेल.

हे मी इतक्या ठामपणे सांगते कारण माझं एकदा असंच झालं. एका कंपनीचे मालक घरचे असल्यासारखे वागले, सगळी वह्यापुस्तकं उघडी केली. मीही पत्राचा विषय काढायला संकोचले. केस निवडली गेली, परिषदेला तीन आठवडे राहिले तेव्हा मसुदा त्यांच्या भावानं वाचला आणि ‘नको’ म्हणाले. त्यांच्या धंद्याचा प्रश्न होता, त्यांचा तो हक्कच होता. मी केस मागे घेतली. वर्षभराचं काम गेलं याचं वाईट वाटलंच, पण जास्त लागलं ते हे, की त्या घरातलं जाणं-येणं थांबलं. घरचे म्हणून तोंडी चालवून घ्यावंसं वाटतं, पण बिघडलं तर घरच्यांतच बिघडतं. तेव्हा पत्र आधी.

मालकांना नाव नको असेल तर वेशांतर करता येतं. नाव, गाव बदलायचं आणि आकडे एका गुणकानं गुणायचे म्हणजे गुणोत्तरं तशीच राहतात. इथे एक खाच आहे. सगळे रुपये ०.८ नं गुणलेत तर तांब्याचा भावही ०.८ पट दिसेल, आणि तांब्याचा त्या महिन्याचा भाव जगजाहीर असतो. कुणीही भागाकार करून तुमचा गुणक काढेल आणि सगळे खरे आकडे उघडे पडतील. म्हणून बाजारात कळणारे भाव तसेच ठेवा आणि नगांची संख्या, किलो, कामगार, एकूण रकमा आटवा. जणू तोच कारखाना लहान होता. सरकारी टेंडर असेल तर कोण एल-वन आलं हेही शोधता येतं, तेव्हा ‘तुम्हाला कुणी ओळखणारच नाही’ असं आश्वासन मालकांना देऊ नका. आणि वेशांतर म्हणजे कल्पना नव्हे. घटना, वाद, निर्णय खरेच हवेत. मनानं रचलेली केस बऱ्याच ठिकाणी सरळ नाकारतात.

सादर करण्याबद्दल थोडक्यात. केस आणि नोट बहुधा वेगळ्या फाइलींत मागतात आणि लेखक कोण हे तपासणाऱ्याला कळू नये अशी अपेक्षा असते. पहिल्या पानावरचं नाव सगळे काढतात, पण फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये आणि ‘ट्रॅक चेंजेस’च्या शेऱ्यांत ते राहून जातं. प्रत्येक तक्त्याखाली स्रोत हवा. पानांची मर्यादा, संदर्भांची पद्धत प्रत्येक परिषदेची वेगळी; फॉरमॅटच्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच, की त्यांनी जो दिलाय तोच, अक्षरशः.

परिषद निवडताना तिथे काय होतं ते बघा. पंधरा मिनिटांत स्लाइड दाखवून टाळ्या घ्यायच्या, अशा ठिकाणी केसला फारसा फायदा नाही. नॉर्थ अमेरिकन केस रिसर्च असोसिएशनच्या परिषदेत एका टेबलावरचे लेखक एकमेकांच्या केसेस आधी वाचून येतात आणि एकेका केसवर सविस्तर बोलतात. अर्धवट अवस्थेतल्या केसेससाठीही तिथे वेगळी जागा असते. आपल्याकडेही असं टेबल मिळालं तर प्रमाणपत्रापेक्षा ते मोलाचं समजा. आणि एक नक्की विचारा: संपूर्ण केस परिषदेच्या संग्रहात छापणार का, हक्क कुणाकडे जाणार? पूर्ण छापली गेली तर पुढे जर्नल किंवा केस-संग्रह ती नवीन म्हणून घेईलच असं नाही. मी शक्यतो फक्त सारांश छापायला देते. टीचिंग नोट तर कुठेही उघडी ठेवायची नाही. विद्यार्थ्यांच्या हाती उत्तरं गेली की ती केस वर्गापुरती संपते.

सहा आठवडे पुरतील का? निर्णय पहिल्या आठवड्यात सापडला तर पुरतील. दुसऱ्यात नोटचा खर्डा, तिसऱ्या-चौथ्यात केस, पाचव्यात वर्ग, आणि शेवटचा आठवडा मालकांच्या वाचनाला आणि सहीला. पहिल्या आठवड्यात निर्णय सापडलाच नाही तर ही मुदत सोडा आणि पुढच्या परिषदेचा विचार करा.

लॅपटॉप आत्ता उघडू नका. या शनिवारी कारखान्यात जा, मालक आणि त्यांच्यानंतर जो खुर्चीत बसणार आहे तो, दोघांशी वेगवेगळं बोला, आणि शेवटचं टेंडर कुणी कुठल्या आकड्यानं भरलं ते विचारा. येताना पत्राचा नमुना त्यांच्या टेबलावर ठेवून या.